गव्हाची भावकी

अकोले तालुक्यातल्या घाटघरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून प्रवरेच्या काठाने पूर्वेला निघालं की संगमनेर येईपर्यंत तो पाचशेच्याही खाली आलेला असतो. एकाच जिल्ह्यात, एका दिवसाच्या प्रवासात, कोकणचा पाऊस आणि मराठवाड्याची कोरड दोन्ही भेटतात. अहिल्यानगर, म्हणजे बहुतेकांच्या तोंडी अजूनही नगर, हा महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा. त्यातला अकोल्याचा डोंगरपट्टा सोडला, तर बाकी जवळजवळ सगळा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. पारनेर, कर्जत, पाथर्डीच्या माळावरच्या माणसाला दुष्काळ समजावून सांगायची गरज नाही. १९७२ ची सुकडी, लाल मिलो आणि खडी फोडायची कामं इथल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत आजही ताजी आहेत.

पण या प्रकरणात बोलायचं आहे ते त्या मोठ्या, नाव असलेल्या दुष्काळांबद्दल नाही. नगरच्या जिरायत रब्बी पिकाचा एक दुष्काळ असा आहे की तो दरवर्षी येतो, चांगल्या पावसाच्या वर्षीही येतो. हस्ताचा पाऊस ओसरतो, वाफसा येतो, पाभर चालते, बी पडतं आणि त्यानंतर आभाळातून काही येईल अशी अपेक्षाच नसते. पीक उगवतं, वाढतं, निसवतं, दाणा भरतं ते सगळं जमिनीत मुरलेल्या ओलीवर. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असं पाणी साधारण दीड-दोनशे मिलिमीटर साठतं. वीतभर मातीखाली मुरूम लागला, तर तो साठा त्याच्या चौथाईवरही येतो. थंडीत वरचा थर वाळतो, जमीन भेगाळते, ओल रोज थोडी थोडी खाली सरकते. फेब्रुवारीत ऊन तापायला लागतं तेव्हा दाण्यात चीक भरत असतो आणि नेमकी तेव्हाच शिदोरी संपत आलेली असते. शास्त्रज्ञ याला अंत्यकालीन दुष्काळ म्हणतात. पिकाच्या सुरुवातीला पोटभर, शेवटी उपाशी, असा त्याचा क्रम असतो.

हा क्रम डोक्यात ठेवूनच पुढचं वाचावं, कारण ‘दुष्काळ सोसणारं वाण’ हे तीन शब्द त्याशिवाय पोकळ आहेत. कोणता दुष्काळ, पिकाच्या कोणत्या वयात आणि किती खोल जमिनीवर, हे सांगितल्याशिवाय कोणत्याही रोपाला दुष्काळ सोसणारं म्हणता येत नाही. गव्हाच्या रानटी नातेवाइकांकडे जगभरचे संशोधक शंभरेक वर्षं आशेने पाहत आले आहेत. त्यांचा अभ्यास वाचताना मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे की या भावकीत कोरडीला एकच उत्तर नाही. एकाच डोंगराच्या दोन उतारांवरची झाडंसुद्धा वेगळं उत्तर देतात.

गहू नगरला नवा नाही. श्रीरामपूर तालुक्यातलं प्रवरेकाठचं दायमाबाद लोकांना माहीत असतं ते १९७४ साली तिथे सापडलेल्या काशाच्या रथामुळे, हत्तीमुळे. पण पुरावनस्पतीचा अभ्यास करणाऱ्याला तिथल्या मातीतले जळके दाणे जास्त बोलके वाटतात. जव, गहू, मसूर ही आजची रब्बी पिकं तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वी घेतली जात होती. ज्या संस्कृतीला पुरातत्त्वज्ञ ‘जोर्वे’ म्हणतात, ते जोर्वेही याच जिल्ह्यातलं, संगमनेरजवळचं गाव. इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास ही गावं ओस पडत गेली. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं उत्खनन करणारे म. के. ढवळीकर यांनी याचं कारण घटत्या पावसात शोधलं होतं. शेती आक्रसली आणि लोक गुराढोरांवर जगू लागले, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मांडणीवर पुढे चर्चा झाली, पण गव्हाची आणि दख्खनच्या कोरडीची गाठ किती जुनी आहे ते यावरून कळतं.

दायमाबादला पोचण्याआधी हा गहू कुठून निघाला? त्याची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी पश्चिम आशियात दोन रानगवतांचा आपोआप संकर झाला. एक ट्रिटिकम उरार्तू नावाचा रानटी गहू, दुसरं एजिलॉप्स कुळातलं, आजच्या एजिलॉप्स स्पेल्टॉइडिसच्या जवळचं गवत. दोघांचे प्रत्येकी १४ गुणसूत्रांचे संच एकत्र आले आणि २८ गुणसूत्रांचा रानटी खपली गहू जन्मला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने तो शेतात आणला. त्यातून आपली खपली झाली आणि पुढे बन्सी, म्हणजे रव्या-शेवयांचा कडक गहू झाला. ही लागवडीची खपली कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडच्या शेतांत पोचली, तेव्हा तिथे बांधावर उगवणाऱ्या एजिलॉप्स टौशी या गवताशी तिचा पुन्हा एकदा संकर झाला. ४२ गुणसूत्रांचा, आपल्या पोळीचा, सरबती गहू हा त्या संकराचा वंशज आहे.

यातली गोम अशी की तो शेवटचा संकर बहुधा मोजक्याच वेळा घडला. एजिलॉप्स टौशी तुर्कस्तानापासून इराण, अफगाणिस्तान, काश्मीर ओलांडून चीनपर्यंत पसरलेलं आहे. ओल्या किनाऱ्यावर ते आहे, कोरड्या पठारावर आहे, बर्फ पडणाऱ्या उंचीवरही आहे. पण पोळीच्या गव्हात आलं ते कॅस्पियनच्या बाजूच्या, तुलनेने ओलसर भागातल्या थोड्याशा झाडांचं रक्त. पूर्वेकडच्या कोरड्या पठारांवर राहणाऱ्या शाखेने काय काय शिकून ठेवलं होतं, त्यातलं फारसं काही आपल्या गव्हाला वारशात मिळालंच नाही. शेतकऱ्यांनी दहा हजार वर्षं निवड केली आणि मागच्या शतकात बुटक्या वाणांनी ती निवड आणखी अरुंद केली. म्हणून जगभरातलं गव्हाचं एकूण पीक अफाट असलं, तरी वाणांमधला खरा फरक मर्यादित आहे.

आता रानातली मंडळी कोरड कशी काढतात ते पाहू. इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

रानटी खपली इस्राएल, सीरिया, लेबनॉन, तुर्कस्तान, इराक, इराण इथल्या खडकाळ उतारांवर वाढते. १९०६ साली आरोन आरोनसोन या कृषिशास्त्रज्ञाला ती गॅलिलीतल्या रोश पिना इथे खडकाच्या फटीत सापडली आणि गव्हाच्या मूळ पूर्वजाचा शोध लागला. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो, वसंतात थांबतो आणि उन्हाळा पूर्ण कोरडा असतो. म्हणजे दाणा भरताना पाणी आटणं हा तिचाही रोजचा अनुभव आहे. दुष्काळाचा क्रम नगरच्या रब्बीसारखाच आहे, हे लक्षात घ्यावं. फरक एवढा की तिच्या वाढीच्या दिवसांत तिथे पाऊस पडत असतो. आपल्याकडे तो आधीच पडून गेलेला असतो.

तिची पहिली तजवीज बियातच असते. तिची ओंबी पिकली की आपोआप सुटते आणि एकेक कणसूल वेगळं होऊन जमिनीवर पडतं. त्यात बहुधा दोन दाणे असतात. एक पहिल्याच पावसाळ्यात रुजतो, दुसरा पुष्कळदा वर्षभर झोपून राहतो. पहिलं रोप कोरडीने मेलं, तरी घराणं बुडत नाही. कणसुलाला दोन लांब कुसळं असतात. रात्रीच्या दमट हवेत ती सरळ होतात, दिवसाच्या कोरड्या हवेत बाहेरच्या बाजूला वाकतात आणि त्यांच्यावरचे बारीक काटे मागे सरकू देत नाहीत. रोजच्या या हालचालीने दाणा स्वतःला मातीत ढकलत राहतो. ही यंत्रणा २००७ साली जर्मन-इस्राएली संशोधकांनी उलगडली. जिवंत पेशीची शक्ती न वापरता, केवळ हवेतल्या दमटपणाच्या चढउतारावर मेलेलं कुसळ हे काम करतं. मला यापेक्षा विलक्षण शेतीचं अवजार माहीत नाही.

रोप उभं राहिल्यावर पुढचे मार्ग वेगळे होतात. काही ठिकाणची झाडं घाई करतात. लवकर निसवून, ओल संपायच्या आत दाणा उरकून मोकळी होतात. काही खोल जातात, वरची माती वाळली की मुळं खालच्या थरात वाढवतात. काही काटकसर करतात. पानांवरची सूक्ष्म तोंडं, पर्णरंध्रं, लवकर मिटतात, पानं गुंडाळून घेतात आणि वाढ मंदावते. काही आणखी पुढे जातात. पेशीत साखरा आणि क्षार साठवून आतलं पाणी धरून ठेवतात, त्यामुळे पान बराच काळ तगतं. इस्राएलमधल्या कमी पावसाच्या कडेपासून ते त्याच्या दुप्पट-तिप्पट पावसाच्या डोंगरापर्यंत वेगवेगळ्या ठिकाणांहून ही झाडं आणून एकत्र वाढवली गेली. त्यांना एकदा भरपूर पाणी दिलं, एकदा तोडून दिलं. ठिकाणाठिकाणांत फरक दिसणार हे अपेक्षितच होतं. पण एकाच ठिकाणच्या झाडांतही तितकाच ठळक फरक निघाला. खडकाला टेकून उगवलेलं झाड आणि दहा पावलांवर खोलगट मातीत उगवलेलं झाड पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या कोरडी काढत आलेली असतात.

हे सगळे मार्ग झाडाला तारतात. शेतकऱ्याला तारतीलच असं नाही. रानातल्या झाडाचा हिशेब एवढाच असतो की दोन-चार दाणे टाकून जावं. पर्णरंध्रं मिटली की पाणी वाचतं, पण हवेतला कार्बन आत येणंही थांबतं आणि अन्न तयार होत नाही. पानं हिरवी राहून ओंबी रिकामी राहिली, तर त्या तगण्याचा कर्जतच्या शेतकऱ्याला काय उपयोग? म्हणून कुंडीत पाणी तोडून कोणतं रोप उशिरा सुकतं एवढंच पाहणाऱ्या प्रयोगांवर माझा फारसा भरवसा नाही. कुंडीत खोल मुळाला वावच नसतो आणि पाणी आठ दिवसांत संपतं. शेतात ते तीन महिने सावकाश खाली सरकत जातं.

मग नगरच्या ओलीला कोणतं उत्तर लागू पडेल? हे समजून घ्यायला रानटी गव्हाइतकीच आपली रब्बी ज्वारी उपयोगी आहे आणि तिचं काम याच जिल्ह्यात झालं आहे. राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८ चं, पुढे ते महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. तिथल्या ज्वारी सुधार प्रकल्पाने वाण देताना पहिला प्रश्न विचारला तो जमिनीच्या खोलीचा. वीतभर खोलीच्या हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, फुले माउली. दोन फुटांपर्यंतच्या मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा १९३० च्या दशकात मोहोळला निवडलेली जुनी मालदांडी. त्याहून खोल भारी जमिनीसाठी फुले वसुधा, फुले यशोदा आणि पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. अनुराधा साडेतीन महिन्यांत आटोपते, कारण हलक्या जमिनीत ओल तेवढीच टिकते. वसुधा आठ-दहा दिवस जास्त घेते आणि खोल ओलीचं दाण्यात व कडब्यात रूपांतर करते. दोन्ही वाणं ‘कोरडवाहू’ आहेत, पण त्यांची अदलाबदल केली तर दोन्हीकडे नुकसान होतं. दुष्काळाचे प्रकार पाडून त्या त्या प्रकाराला वेगळं उत्तर द्यायचं, हे शहाणपण राहुरीने ज्वारीत प्रत्यक्ष शेतावर उतरवलं. माझ्या मते महाराष्ट्राच्या शेती संशोधनातली ही फार मोठी आणि फार कमी कौतुक झालेली गोष्ट आहे.

त्याच्या जोडीला शेतकऱ्याची मशागत आहे. ज्वारी तीन आठवड्यांची झाली की पहिली कोळपणी, पाच आठवड्यांनी दुसरी आणि जमीन भेगाळू लागली की आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने तिसरी. शेवटच्या कोळपणीत तणापेक्षा भेगा बुजवण्याला महत्त्व असतं. भेग उघडी राहिली की खालच्या थरातली ओल वाऱ्यावर जाते आणि खोल मुळाच्या वाणाचा फायदा तिथेच संपतो.

गव्हात खोल मुळांचा प्रश्न सर्वांत बारकाईने तपासला गेला तो ऑस्ट्रेलियात. तिथल्या क्वीन्सलँडकडेही आपल्यासारखीच भेगाळणारी काळी जमीन आहे आणि पीक साठलेल्या ओलीवर येतं. फुलोऱ्यानंतर खालच्या थरातून जादा मिळालेल्या एकेका मिलिमीटर पाण्यामागे हेक्टरी पन्नास-साठ किलो दाणा वाढतो, असं तिथल्या मोजणीत निघालं. हा आकडा थबकून वाचण्यासारखा आहे. दहा मिलिमीटर म्हणजे एक हलकी सर. तेवढं पाणी दाणा भरताना हाती लागलं, तर हेक्टरी पाच क्विंटलांचा फरक पडतो. पेरणीनंतर पंधरा दिवसांनी त्याच सरीचं मोल एवढं नसतं.

म्हणजे प्रश्न किती पाणी मिळालं याइतकाच ते कधी खर्चलं याचाही आहे. रिचर्ड्स आणि पॅसिओरा या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९८० च्या दशकात यावर एक धाडसी उपाय केला. मुळाच्या आत पाणी वर नेणारी जी मुख्य नळी असते, तीच बारीक करायची. नळी बारीक झाली की रोप थंडीत हात आखडून पाणी वापरणार आणि फुलोऱ्यानंतरसाठी शिल्लक ठेवणार. बारीक नळीचा गुण त्यांना तुर्कस्तानातल्या एका गावरान गव्हात मिळाला. निवड करत करत नळीचा व्यास ६५ मायक्रॉनच्या आसपास होता तो ५५ च्या खाली आणला गेला. अगदी कोरड्या शेतांत उत्पन्न ३ ते ११ टक्क्यांनी वाढलं. ओल्या वर्षी मात्र फायदा दिसला नाही. ज्या जमिनीत शिल्लक टाकायला पाणीच नाही, अशा पारनेरच्या मुरमाड शेतात तो दिसण्याचं कारणही नाही. काटकसर करायला आधी साठा हवा.

रानटी भावकीचं रक्त गव्हात पुन्हा आणण्याचा राजमार्ग मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राने, म्हणजे सिमिटने, १९८० च्या दशकापासून पाडला. कॅस्पियनकाठी निसर्गात जो संकर झाला तोच प्रयोगशाळेत पुन्हा करायचा. बन्सी गहू एका बाजूला आणि जगभरातून गोळा केलेलं एजिलॉप्स टौशी दुसऱ्या बाजूला. असे हजारावर ‘कृत्रिम’ गहू तिथे तयार झाले. ते दिसायला बेढब असतात, मळायला कठीण, दाणा तुसात अडकलेला. म्हणून ते चांगल्या वाणांशी पुन्हा पुन्हा संकरित केले जातात. चीनच्या सिचुआनमधलं २००३ चं चुआनमाई ४२ हे वाण याच वाटेने आलं. कोरड्यात या वंशाच्या काही ओळी चांगल्या का ठरतात, हे पाहताना एक सुंदर गोष्ट हाती आली. त्यांच्या मुळांचं एकूण वजन काही जास्त नव्हतं. वरची माती वाळली की त्यांनी आपल्या मुळांचा वाटा खालच्या थराकडे वळवला होता. जास्त मूळ करणं खर्चिक असतं, कारण ते अन्न दाण्याच्या वाट्याचं असतं. आहे त्या मुळाची मांडणी बदलणं स्वस्त पडतं. खोल काळ्या जमिनीला हवं ते उत्तर हेच आहे.

रानटी खपलीकडूनही असे तुकडे आले. तिच्या गुणसूत्रांचे निवडक भाग आजच्या गव्हात आणून काही ओळींत कोरडीतली उत्पादकता वाढल्याचं इस्राएली संशोधकांनी २०१६ साली दाखवलं. पण याच खपलीने एक धडाही दिला आहे. २००६ साली तिच्यातल्या एका जनुकाचा छडा लागला, ज्याने दाण्यातली प्रथिनं, लोह आणि जस्त वाढतं. लागवडीच्या बहुतेक गव्हांत हे जनुक निकामी झालेलं आहे. ते चालू झालं की पानं लवकर पिवळी पडतात आणि त्यांच्यातला नत्र दाण्याकडे जातो. जिथे हंगाम आधीच आखूड आहे, तिथे लवकर पिकणं वरदान ठरेल की दाणा बारीक करेल, हे त्या त्या जमिनीवर आणि त्या त्या फेब्रुवारीवर ठरतं. पंजाबात गहू पाच महिने शेतात असतो, आपल्याकडे साडेतीन-पावणेचार महिन्यांत कापणीला येतो. तिकडचा निष्कर्ष इकडे उचलून आणून चालत नाही.

आपल्या घरच्या खपलीचा उल्लेख इथे करायलाच हवा, कारण या भावकीतली ती आपल्या शेतात आजही उभी आहे. सांगली-साताऱ्याकडे आणि बेळगाव-धारवाडच्या पट्ट्यात ती टिकली. १९२० च्या दशकात अमेरिकेत स्टॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडावरच्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी बारा गव्हांचा एक संच ठरवला. जगभर वापरल्या गेलेल्या त्या संचातल्या एका गव्हाचं नाव सरळ ‘खपली’ असं होतं. तांबेऱ्याला अडवणारी तिच्यातली जनुकं पुढे नोंदली गेली. त्यांपैकी एसआर १३ हे जनुक युगांडातून निघालेल्या घातक तांबेऱ्यावरही चालतं, असं दिसून आलं. रानटी आणि जुन्या गव्हांनी आजवर दिलेलं मोठं दान रोगप्रतिकाराचं आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. रोगाला अडवायला एखादं जनुक पुरतं. कोरडीत मूळ, पान, खोड, फुलोऱ्याची वेळ असं सगळं गुंतलेलं असतं आणि प्रत्येक जनुकाचा वाटा लहान असतो. हल्ली पिठाच्या पाकिटांवर खपलीला सगळेच गुण चिकटवले जातात, त्यात कमी पाण्याचाही असतो. पण आज ती बहुतेक ठिकाणी ओलिताखालीच घेतली जाते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस २९७१ हे तिचं बुटकं, न लोळणारं वाण दिलं, तेही पाणी-खत देणाऱ्या शेतकऱ्याला उपयोगी पडणारं. माझं तिच्यावर प्रेम आहे आणि म्हणूनच न तपासलेला गुण तिच्या नावावर घालू नये, असं मला वाटतं.

सह्याद्रीत रानटी गहू नाही. पण अकोल्याच्या डोंगरात रानतूर आहे, मूग-उडदाचे रानटी भाऊबंद आहेत, ज्वारीच्या कुळातली गवतं आहेत. त्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घराघरांतून गावरान बियाणं जमवून बियाणे बँक उभी केली आणि त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला. त्यांच्या कामाचं मोल समजायला गव्हाची एक गोष्ट पुरेशी आहे. सीरियातल्या अलेप्पोजवळ कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय केंद्राची, इकार्डाची, बियाणे बँक होती. गव्हाच्या रानटी भावकीचा एक अमोल संग्रह तिथे होता. यादवी युद्धात केंद्राला तिथून हलावं लागलं. सुदैवाने बियांच्या प्रती नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या बर्फातल्या तिजोरीत आधीच ठेवलेल्या होत्या. २०१५ साली त्या तिजोरीतून पहिल्यांदा बी बाहेर काढलं गेलं, ते इकार्डाने. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पुन्हा पेरून संग्रह उभा करण्याचं काम सुरू झालं. गव्हाचे पूर्वज ज्या भूमीत जन्मले, तिथेच त्यांचं बी सर्वांत असुरक्षित झालं होतं. भारतात लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने रानटी गव्हांचा मोठा संग्रह जपला आहे आणि त्यातून तांबेऱ्याविरुद्धची जनुकं चांगल्या गव्हात आणली आहेत.

नगरच्या शेतकऱ्याच्या हातात आज काय आहे? राहुरी विद्यापीठाचं गहू संशोधन केंद्र शेजारच्या नाशिक जिल्ह्यात निफाडला आहे. तिथून जिरायतीसाठी पंचवटी हा बन्सी गहू आला, मर्यादित पाण्यासाठी नेत्रावती आला. मुळा-प्रवरेच्या कालव्यांवर आवर्तन कधी मिळेल याचा नेम नसतो. तिथे विद्यापीठाची शिफारस दिवसांत सांगितलेली आहे. एकच पाणी देता येणार असेल तर पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी द्यावं. दोन असतील तर पहिलं २० ते २२ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना, आणि दुसरं ६० ते ६५ दिवसांनी. यातही दुष्काळाचे प्रकारच पाडलेले आहेत. एका पाण्याचा गहू, दोन पाण्यांचा गहू आणि निव्वळ ओलीवरचा गहू यांच्या तहानेच्या वेळा वेगळ्या असतात. म्हणून त्यांच्यासाठी भावकीतून उचलायचे गुणही वेगळे हवेत. निव्वळ ओलीवरच्या खोल जमिनीला टौशीचं खाली वळणारं मूळ आणि हात आखडून चालणारी नळी हवी. कालव्याच्या एका पाण्यावरच्या गव्हाला आखडलेला हात नडेल. त्याने पाणी मिळताच भराभर वाढावं, खोडात साखर साठवावी आणि शेवटी ती दाण्यात ओतावी. चांगल्या हवेत खोडातल्या साठ्याचा दाण्यातला वाटा दहा-वीस टक्के असतो. कोरडीत तो तीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जातो. हा गुण रानटी आणि गावरान गव्हांत फार वेगवेगळ्या प्रमाणात आढळतो. मुरमाड हलक्या जमिनीत मात्र गव्हाचा हट्ट धरू नये. तिथे अनुराधा ज्वारी किंवा हरभराच बरा.

ज्वारीत जे झालं ते गव्हात करायचं, तर या रानटी रक्ताच्या ओळी निफाडच्या ओलिताच्या वाफ्यांबरोबरच राहुरीच्या भारी जमिनीत, कर्जतच्या मध्यम जमिनीत आणि पाथर्डीच्या उथळ जमिनीत शेजारी शेजारी पेराव्या लागतील. त्याही एका हंगामापुरत्या नाहीत, कारण हस्त बरसलेलं वर्ष आणि हस्त कोरडं गेलेलं वर्ष यांत पहिला नंबर वेगवेगळ्या ओळींचा येणार. प्रत्येक वेळी पेरणीच्या दिवशी आणि कापणीच्या दिवशी फूट-फूट खोलीवरची माती काढून तिच्यातली ओल मोजावी लागेल. एखाद्या ओळीने दाणा जास्त दिला तो खालचं पाणी उपसून, की वरचं लवकर वापरून, हे त्या मातीच्या नमुन्यांतूनच कळतं.